हजेरीपटाविना

"घंटा झाली का?" अप्पांनी पुन्हा विचारलं.

"नाही अजून. चहाची सुट्टी चाललीय," यशश्री म्हणाली आणि वडिलांच्या कोटाला नावाचा बिल्ला लावू लागली. पिन आधी तिच्याच बोटात गेली.

"सावकाश, बाळ. घाई कसली?"

भीती तिला वाटत होती. अप्पांना कसलीच वाटत नव्हती, आणि तीच तर पंचाईत होती.

पडद्यापलीकडे हॉटेलचं मोठं सभागृह भरत होतं. विद्यार्थ्यांना प्रेरणा कशी द्यावी, यावर बोलायला देशोदेशीचे शिक्षक बेंगळुरूला आले होते. केनियाचे, फिनलंडचे, श्रीलंकेचे. त्यांच्यासमोर मधुकर सर, म्हणजे अप्पा, आपली जुनी करामत दाखवणार होते. इथल्याच चामराजपेटच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर हजेरीपट न उघडता हजेरी घेतली. कोण कुठल्या बाकावर, कुणाला काय जमतं, कुणाला कशाची धास्ती, सगळं तोंडपाठ. आपल्याला कुणीतरी ओळखतं एवढं कळलं की मूल आपोआप अभ्यासाला लागतं, असं त्यांचं सांगणं. आयोजक त्रिविक्रम त्यांचाच विद्यार्थी. त्याने बरीच जुनी मुलं श्रोत्यांत बसवून ठेवली होती. एकेक उभा राहणार आणि सर ओळखणार.

त्रिविक्रमला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. गेल्या दिवाळीपासून अप्पा विसरू लागले होते. जे. पी. नगरच्या घरातून बाहेर पडून ते चामराजपेटचं कधीच सोडलेलं घर शोधत फिरले होते. शेजारच्या शाळेची घंटा झाली की भरल्या ताटावरून उठायचे. यशश्रीने हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. निमंत्रण आल्यापासून अप्पा रोज दाढी करत होते, ताठ बसत होते. नको म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

एवढ्या लोकांसमोर ते नुसतेच बघत राहिले तर? कुणी हसलं तर? आयुष्यभर एकच गोष्ट कमावली या माणसाने, आणि ती भर सभेत जायची. तिला स्वतःचाच राग आला.

त्रिविक्रम आत डोकावला. "बन्नी सर, चला! अक्का, तुमचा चेहरा का उतरलाय? सर आहेत, कसली काळजी?"

"सरी, सरी," असा कन्नडमध्ये होकार देत अप्पा उठले. जाता जाता तिच्याकडे वळले. "फार केलंस हं माझ्यासाठी. आता जा बाळ, घरी वाट बघत असतील."

नवरा आणि मुलांबद्दल म्हणत असावेत, असं तिला वाटलं. "मी थांबते, सर," ती म्हणाली.

'सर' तोंडातून निसटलंच. घाबरली की ती जुनी सवय वर यायची. यशश्री त्यांच्याच वर्गात होती आणि शाळेच्या फाटकाच्या आत 'अप्पा' म्हणायची सोय नव्हती. पालकसभेलासुद्धा आई एकटीच समोर बसायची. अप्पा टेबलाच्या पलीकडे, सर होऊन.

ती पडद्याच्या कडेला उभी राहिली. सभागृहात एक टक्कल पडलेला माणूस उठला आणि हात बांधून गप्प उभा राहिला.

अप्पांनी चष्मा सारखा केला. पाहिलं. पाहतच राहिले.

कुणीतरी खोकलं. त्रिविक्रमच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं आखडलं. यशश्रीने पडदा घट्ट धरला. आता जावं, काहीतरी सांगावं, तब्येत बरी नाही म्हणावं. तिने पाऊल उचललंसुद्धा.

"महांतेश," अप्पा म्हणाले. "खिडकीजवळचा बाक. डावखुरा. आधीच्या शाळेत याचा डावा हात बांधून ठेवायचे. मी पहिल्याच दिवशी त्याला फळ्यावर लिहायला बोलावलं, डाव्या हाताने."

महांतेशने डावा हात वर केला आणि तसाच डोळ्यांवर धरला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग भव्या उठली. ती खडू खायची, हे सरांनी तिच्या भाषेत, कन्नडमध्ये सांगितलं. ज्याची जी घरची भाषा, सर तिच्यातच बोलत होते आणि त्रिविक्रम पाहुण्यांना इंग्रजीतून समजावत होता. नागनाथ उठला, शिवलीला उठली. अप्पा एकदाही अडखळले नाहीत. फिनलंडच्या बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

यशश्रीने घट्ट धरलेला पडदा सोडला. उगाच घाबरले मी, तिला वाटलं. यांचं काही हरवलेलं नाही. सगळं जागच्या जागी आहे.

"अजून कुणी?" अप्पांनी विचारलं. मजेत आले होते ते.

तिला राहवलं नाही. ती पायऱ्या उतरून पहिल्या रांगेपुढे गेली आणि वर्गात करायची तसा हात वर केला. त्रिविक्रम हसायला लागला. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"यशश्री! दाराजवळचा बाक," ते मराठीत म्हणाले. "अक्षर सुरेख, पण उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. घाबरट. आज केलास, शाब्बास!"

ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अप्पा मंचाच्या अगदी कडेशी आले.

"हिची आई प्रत्येक पालकसभेला यायची. वडील मात्र एकदाही आले नाहीत. फार वाईट वाटायचं मला या पोरीचं." ते तिच्याकडे वाकले. "काय गं बाळ, कसे आहेत तुझे वडील?"