पाचवी मेणबत्ती

पाचव्या मेणबत्तीची वात बाकीच्या चारांपेक्षा तीन मिलिमीटर लांब होती. सगुणाने ती कात्रीने छाटली, पाचही एका रांगेत ठेवल्या आणि पुन्हा मोजल्या. पाचच.

या वर्षी चर्चच्या मंडळीतली माणसं वारली होती चार.

नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू व्हायच्या आदल्या रविवारी रत्नागिरीच्या या लूथरन मंडळीत वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जायची. प्रत्येकाची एक मेणबत्ती, बुडाशी नाव आणि वय लिहिलेली कागदाची पट्टी. नाव वाचलं की सगळ्यात जवळच्या माणसाने पुढे होऊन ती पेटवायची. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून मेणबत्त्या ओतायचं काम सगुणाकडे होतं. तिच्या मेणबत्त्या वाकत नसत.

शुक्रवारी पाळकांचा फोन आला होता.

"बाई, या वेळी पाच करा."

"पाचवं कोण?"

"नावाची जागा कोरी ठेवा. वय तेवढं लिहा. बहात्तर."

मंडळीत बहात्तर वर्षांचा माणूस एकच होता आणि तो आत्ता पडवीत बसून रविवारचे बूट पुसत होता. गंगाराम, तिचा नवरा, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाचा अध्यक्ष. मंडळीतला पहिला बाप्तिस्मा आपला, हे तो ओळखदेख नसलेल्यालाही सांगायचा.

जिवंत माणसाची मेणबत्ती कोणी लावत नाही. पण ऑगस्टमध्ये गंगाराम गळ्याची गाठ तपासायला कोल्हापूरला गेला होता. काही निघालं नाही म्हणाला. कागद तिकडेच राहिला म्हणाला. आणि परवा फोनवर पाळकांशी बोलताना तिने त्याला ऐकलं होतं. "मार्चपर्यंत निभेल कसंबसं. हिला एवढ्यात नको सांगायला." ती दारात दिसताच त्याने फोन ठेवला होता.

आपला शेवट आपणच चारचौघांत जाहीर करायचा, हे त्याच्या स्वभावाला धरून होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने ओमकार सुताराकडे स्वतःच्या शवपेटीचं माप देऊन ठेवलं होतं आणि वर लाकूड फणसाचं हवं म्हणून वाद घातला होता.

सगळ्या नोंदी एकाच दिशेला जात होत्या. सगुणाला त्या पटत नव्हत्या आणि खोडताही येत नव्हत्या.

"पाचवी कोणाची?" तिने चहा देताना विचारलं.

"कसली पाचवी?"

"मेणबत्ती."

त्याने बुटाला आणखी एकदा पॉलिश लावलं. "रविवारची सवय मोडली तर तुला जमेल काय गो?"

"का?"

"सहज."

रविवारी उपासनेच्या आधी तुळसा तिच्या शेजारी येऊन बसली. तिचा नवरा रावजी, मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यातला, जूनमध्ये गेला होता.

"काय गो, पाच कशाला आणल्यास? माझ्या घोवाला दोन लावतेस की काय? एका बिडीवर त्याचं कधी भागलं नाय, ते खरं."

"पाळकांनी सांगितलं पाच."

तुळसाने मान वळवून बाकांवरची माणसं मोजली. "सगळी तर हायत. सोळा."

"सतरा."

"स्वतःला धरलंस काय?"

"तू धरलं नाहीस स्वतःला."

तुळसा तोंडाला पदर लावून हसली. सगुणालाही हसू येणार होतं, पण पुढच्या बाकावर गंगाराम खिशातला कागद काढून वाचत होता, घडी करत होता, पुन्हा काढत होता.

पाळकाचं नाव संदेश. तरुण होता, हळू बोलायचा. "आपलं चर्चचं वर्ष आज संपतं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी वाट पाहणं सुरू होईल. येणाऱ्याची वाट पाहायची तर जाणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं." सगुणाने हे दरवर्षी ऐकलं होतं. आज तिला त्यातलं काहीच समजलं नाही. मार्चनंतर आपण कशाची वाट पाहायची, एवढंच ती मनात विचारत राहिली.

नावं सुरू झाली. रावजी, वय चौसष्ट. तुळसाची काडी दोनदा विझली. मग चिमाबाई, मग बाबू, मग लांज्याहून येणाऱ्या कुटुंबातली थोरली सून. चार ज्योती सरळ उभ्या राहिल्या. पाळक थांबला आणि त्याने गंगारामकडे पाहिलं.

सगुणा उठली. नाव वाचायची वाट न पाहता ती पुढे गेली आणि तिने काडेपेटी उचलली. मागून गंगाराम घाईघाईने आला.

"तू कशाला उठलीस?" तो पुटपुटला.

"जवळचं माणूस मी आहे."

"कोणाचं?"

"तुमचं. मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही. पाळकांच्याही आधी."

गंगारामने तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीवरच्या आकड्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ खरा होता. तो ओसरायला दोन-तीन श्वास लागले.

"गाठ साधी होती गो," तो म्हणाला. "देवाशपथ. साधी चरबीची."

तिने टेबलाची कड धरली. "मग ही?"

त्याने काडेपेटी तिच्या हातून घेतली नाही. तिचा हात काडेपेटीसकट आपल्या हातात धरला आणि तो बाकांकडे वळला.

"ही आपण सगळ्यांनी मिळून लावायची," तो म्हणाला. "तीन वर्षं पंचमंडळाच्या दर सभेत आम्ही हा विषय पुढे ढकलला. आता बोलतो. मार्च संपला की बहात्तर वर्षांची ही मंडळी आपण बंद करतो आहोत."