गाळलेलं पद

आग्लायाचं पहिलं पान संपलं, तरी प्राध्यापक इन्नोकेन्ती पाव्लोविच गप्पच होते.

असं आजवर झालं नव्हतं. मॉस्कोतल्या त्यांच्या सोमवारच्या सेमिनारात वक्त्याने खडू उचलला रे उचलला, की पहिल्या बाकावरून गर्जना व्हायची, "थांबा! हे कोणाला शिकवताय?" मग लेनिनग्राडहून आलेला मोठा नामवंत का असेना, त्याची व्याख्येवरच खरडपट्टी निघायची. मधूनच एखाद्या पेंगणाऱ्या श्रोत्याला उभं केलं जायचं, "यांनी आत्ता काय सांगितलं, ते तू सांग." शेवटी खडू इन्नोकेन्ती पाव्लोविचांच्या हातात जायचा आणि वेळ संपायची. वर्षानुवर्षं सेमिनार एकाच बीजगणितावर चालला होता, पण सिद्धतेपर्यंत कुणाचीच गाडी पोचली नव्हती.

त्याच भरवशावर आग्लायाने घोडं दामटलं होतं. ते बीजगणित, म्हणजे ठरावीक नियमांनी बांधलेल्या क्रियांचा संच, अनंत मितींचं होतं आणि तिचं प्रमेय असं, की ते कसंही उभं केलं तरी त्यातून ऋण लांबीचा सदिश निघत नाही. भौतिकीवाले अशा सदिशाला भूत म्हणतात. तो निघाला, तर एखादी गोष्ट घडण्याची शक्यता शून्याहूनही कमी येते, आणि मग सगळा सिद्धांत गुंडाळून ठेवावा लागतो. अर्धं प्रमेय तिने सिद्ध केलं होतं. उरलेलं अर्धं काही केल्या होत नव्हतं. इन्नोकेन्ती पाव्लोविचांचा होकार मिळाला नाही, तर प्रबंध गेला. मग चेल्याबिन्स्कच्या कारखान्यात जन्मभर पंपांची आकडेमोड.

"पहिलं पान चोख लिही," ग्लेब म्हणाला होता. तो तिचा वर्गमित्र, सेमिनारात दोनदा सोलून निघालेला. "दुसरं पान तिथे कुणी पाहिलेलंच नाही. बिनधास्त कोरं ने."

तिने खरंच कोरं नेलं होतं.

ओलं फडकं घेऊन ग्लेब फळा पुसायच्या निमित्ताने पुढे आला. "सकाळी दाढ काढलीय त्यांची," तो पुटपुटला. "तोंडात कापूस आहे. डॉक्टरने आज बोलायचं नाही म्हणून बजावलंय."

"दाढ त्यांची आणि जीव माझा!"

"मला काय माहीत! हळूहळू लिही."

तिने हळूहळू लिहिलं. व्याख्या पुन्हा लिहिली. पाणी प्याली. खडू पाडला, वाकून शोधला, सापडलेला पुन्हा पाडला. इन्नोकेन्ती पाव्लोविचांनी सुजल्या गालाने तिच्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, चालू दे. मागच्या बाकांवर लोकांनी पेनं काढली. आज सिद्धता ऐकायला मिळणार, या आनंदात एकाने तर शेजाऱ्याला बिस्किटही देऊ केलं. आग्लायाला रडू कोसळायचंच बाकी होतं.

आणि मग तिच्या डोक्यात एक खोडी आली.

त्या बीजगणितात दोन क्रियांचा क्रम उलटवला, की काही फरक उरतो. त्या फरकाच्या शेवटी एक एकटं पद चिकटलेलं असतं. दिसायला शेपटाएवढं, पण ते काढलं तर सगळा डोलारा खाली. त्याला मध्यवर्ती पद म्हणतात आणि ते गाळणं म्हणजे स्वयंपाक्याने भाताला पाणी विसरणं. आग्लायाने ठळक अक्षरांत सूत्र लिहिलं आणि ते पद गाळलं.

पहिल्या बाकावरून "हं" असा आवाज आला.

तिने ऐकलंच नाही. चुकीच्या सूत्रावर आणखी तीन ओळी चढवल्या, खाली रेघ मारली आणि गोड आवाजात म्हणाली, "पुढचं तर उघडच आहे."

इन्नोकेन्ती पाव्लोविच उठले. कापूस रुमालात थुंकला.

"मध्यवर्ती पद कुठे गेलं?"

"ते होय?" आग्लाया म्हणाली. "त्याने असा काय फरक पडतो?"

मागच्या बाकांवर लोकांनी पेनं खाली ठेवली.

"काय फरक पडतो? काय फरक पडतो म्हणे!" त्यांनी तिच्या हातातला खडू हिसकावला. पद जागेवर आणून ठेवलं. मग तिला त्याची किंमत दाखवायला, ते सगळं बीजगणित उचलून एका मोठ्या बीजगणिताच्या पोटात बसवलं. तिथे सगळ्या लांब्या धनच होत्या. म्हणजे पोटातल्याही धनच. बोबडं बोलत, खडूचे तुकडे उडवत त्यांनी तीन फळे भरले आणि शेवटच्या ओळीखाली दणदणीत रेघ मारली. भूत कुठेच नव्हतं. आग्लाया तोंड उघडं टाकून बघत राहिली. तिचं उरलेलं अर्धं प्रमेय फळ्यावर होतं, सगळंच्या सगळं.

सेमिनार सुटल्यावर दाराशी जमा केलेले कोट परत घ्यायच्या रांगेत ते नेमके तिच्या मागे येऊन उभे राहिले. गालाला मफलर बांधलेला.

"पद मुद्दाम गाळलंस."

"हो," ती म्हणाली. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

"पुढची सिद्धता होती तुझ्याकडे?"

"नव्हती."

त्यांनी मफलरची गाठ आवळली. तिला पंप दिसायला लागले.

"उद्या प्रबंध घेऊन ये," ते म्हणाले. "सही करतो. ही सिद्धता दोघांच्या नावाने छापू."

"पण इन्नोकेन्ती पाव्लोविच, सिद्धता तुमची आहे! तुम्हाला तर ती कधीपासून येतच होती. मी नुसती..."

त्यांनी रांगेत पुढे-मागे पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकले.

"कुणाला सांगू नकोस. इतकी वर्षं मी सगळ्यांना पहिल्या पानावर अडवत आलो, कारण पुढचं मलाच येत नव्हतं. आज तुझा असा काही राग आला, की येत नाही हेच मी विसरून गेलो."