शिवलेलं बोट

डॉक्टरीणबाई पट्टी सोडवत होत्या आणि शिंपी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता. मांडीवर त्याची चिमुरडी लेक होती. आज बाईंचं तोंड उतरणार, याची त्याला खात्री होती.

दुकानाचं शटर त्यानेच ओढलं होतं. लेकीचा हात खाली आहे, हे त्याला दिसलं नाही. एका बोटाचं टोक नखासकट गेलं, आणि तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. त्यात या बाईंनी टाके घालायला चक्क नकार दिला. नुसती पट्टी, ती अधूनमधून बदलायची. का, ते त्या समजावत होत्या. पण त्याच्या कानात लेकीचं रडणंच भरलं होतं. उघडं सोडलं की उसवत जातं, हे जन्मभर पाहिलेल्या माणसाला ते पटावं कसं? बाईंना शिवताच येत नसणार, असं त्याने बायकोला सांगून टाकलं. ती जरा दम धरा म्हणाली. दम धरणं त्याच्या रक्तात नव्हतं.

मग एकदा पट्टी सैल झाली आणि त्याने ती स्वतःच उघडून पाहिली. जखमेवर लालभडक, ओलसर मांस वर आलं होतं. जखम चिघळली, आता हातच जाणार! त्याने लेकीला उचललं आणि दुसरा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांपुढे हात जोडले, हुज्जत घातली आणि काम करवूनच परतला.

आता पट्टीचा शेवटचा वेढा सुटला. बोटावर बारीक, एकसारखे टाके. शिंप्याला स्वतःलाही याहून सुबक जमले नसते.

डॉक्टरीणबाईंनी बोट उजेडाकडे वळवून पाहिलं.

"इथे लाल मांस वर आलं होतं ना? ते कुठे गेलं?"

"ती घाण होय? मीच छाटायला लावली. वरून कातडी ओढून शिवून घेतलं."

लेक बोट हलवून पाहत होती. दुखत नाही म्हणून खुशीत होती. मग बाई हळूच म्हणाल्या, "इतक्या लहान मुलांच्या बोटाचं टोक तुटलं आणि उघडं ठेवलं, तर ते परत वाढतं हो. नखसुद्धा येतं."

शिंप्याने टेबलावरची कात्री बाईंपुढे सरकवली.

"मग उसवा," तो कसाबसा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता उसवा."

"उसवून काय करू? तुम्ही घाण म्हणून छाटलंत, ते तिचं नवं बोट होतं."