पाहुण्याचा आठवडा

भिंगरीने दाराशी ठेवलेली पाण्याची बादली धावताना पायाने उलथवली, ती सरळ करायला वाकली आणि उठताना मागचा पत्र्याचा डबा पाडला. बेवारशी प्राण्यांच्या त्या निवाऱ्यात एकच गलका उठला. पिल्लं कोपऱ्यात दडली. सशाने तर सरळ पाठच फिरवली.

"सशाचा विचार सोडा," निवारा चालवणाऱ्या बाई तिच्या आईला म्हणाल्या. "फार भेदरट जात. ही धावली की त्याचा जीवच जायचा. पिल्लूही नको, एका घरात दोन पिल्लं कोण सांभाळणार? वयाने थोराड, स्वभावाने सुस्त असं कुत्रं बघा."

आईला नेमकं तेच हवं होतं. बाबा कासव आणू म्हणत होते. "निदान घरात एक जण तरी हळू चालेल," हे त्यांचं म्हणणं. बस चालवणाऱ्या माणसाला सगळ्याची गंमतच वाटते. आईला गंमत वाटत नव्हती. फोटोंना फ्रेम करून द्यायचं तिचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. भिंतीला टेकून काचा उभ्या असायच्या आणि त्यांच्यामधून सहा वर्षांची ही पोर सुसाट पळायची. मागे एकदा काच फुटून तिचा तळवा चांगलाच कापला. काचेचं काय, दुसरी कापता येते. पोरीचं रक्त बघून मात्र आईने दोन दिवस दुकान उघडलं नव्हतं. एखादं शांत जनावर सोबतीला आलं तर त्याला बघून ही चार घटका एका जागी बसेल, एवढीच तिची आशा होती.

आणखी एक गोष्ट तिला आतून खात होती. भिंगरी दत्तक घेतलेली. बालगृहातून आली तेव्हा अगदी गरीब गाय. ताटात पडेल ते खायची, बसवलं तिथे बसायची, तोंडातून ब्र काढायची नाही. आणि मग एके दिवशी काय झालं कोण जाणे, जी पळत सुटली ती सुटलीच. घर डोक्यावर घ्यायला लागली.

"गुणी लेकरू आणलं आणि माझ्या हातात बिघडलं," आई नवऱ्याला म्हणायची. "मला आई होणं जमत नाहीये."

एक कान दुमडलेलं, जाडजूड तपकिरी कुत्रं भिंगरीसमोर येऊन फतकल मारून बसलं. ते तिला घाबरलं नाही. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि निवड झाली.

"आमच्याकडे एक रीत आहे," बाई म्हणाल्या. "आठवडाभर घरी ठेवून बघा. जमलं तर ठेवा, नाही जमलं तर परत आणा. आम्ही कारण विचारत नाही."

भिंगरी हे ऐकत उभी होती. घरी जाताना ती आईचं बोट धरून चालली. चक्क चालली.

बाबांनी कुत्र्याचं नाव 'पाहुणे' ठेवलं. "पाहुणे जेवले का? पाहुण्यांची झोप झाली का?" सारखं चालू असायचं. आणि खरंच चमत्कार झाला. भिंगरीचं पळणं थांबलं. ती दार हळू लावायची, हाक मारली की एका हाकेत यायची. दुकानात काचेवरून कटर फिरल्याची करकरसुद्धा ऐकू येऊ लागली. आईचा जीव भांड्यात पडला. तिने बहिणीला फोन करून सांगितलं, "अगं, पोरीला वळण लागलं बघ."

पाहुण्यांना मात्र वळण लागायचं नाव नव्हतं. त्यांनी बाबांचा ड्युटीचा बूट चावला. आठवडा संपता संपता तर कहर केला. एका गिऱ्हाईकावर असे भुंकले की तो बिचारा फ्रेम तिथेच टाकून पळाला.

"असं वागलास तर कसं रे ठेवायचं तुला?" आई वैतागून म्हणाली. बोलून ती पुठ्ठा आणायला आतल्या खोलीत गेली.

परत येते तो दुकानात कुणी नाही. कामाच्या टेबलाखालून मात्र कुजबुज ऐकू येत होती. आई दारातच थांबली.

"अरे वेड्या, भुंकतात का असं?" भिंगरी कुत्र्याला समजावत होती. "नीट ऐक. वाटीत देतील तेवढंच खायचं, आणखी मागायचं नाही. बुटांना हात, म्हणजे तोंड लावायचं नाही. रडू आलं तर माझ्या कुशीत तोंड घालून रडायचं, म्हणजे आवाज येत नाही. मी आधी दुसऱ्या एका घरी गेले होते ना, तिथे पळाले. त्यांनी परत पाठवलं."

शेपूट जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

"शू! मीपण गप्प बसतेय ना तुझ्यासाठी? मी धावले तर त्यांना वाटेल तू शिकवलंस."

आई हातातल्या पुठ्ठ्यासकट दारातच खाली बसली. तिने तो छातीशी धरला.

"ही माणसं चांगली आहेत. घाबरू नकोस," भिंगरी पुढे सांगत होती. "आता परत पाठवणार नाहीत असं पक्कं कळलं ना, की मग कितीपण पळायचं. मीपण आधी गप्पच बसायचे. मला पक्कं कळलं ना, त्याच दिवशी पळायला लागले."