फोटोखालची पट्टी

"कॅमेऱ्याचं कार्ड दे," धाकटा म्हणाला. "मूळ फोटो हवाय त्यांना. पाचच्या आत."

थोरला चष्म्याच्या दुकानातून जेवायला घरी आला होता. सकाळभर काचा घासून बोटांवर पांढरी भुकटी बसलेली, ती धुवायच्या आधीच धाकट्याने ही बातमी त्याच्या पुढ्यात टाकली. महिन्यापूर्वी त्याने दादाचा एक फोटो त्याला न विचारता स्पर्धेला पाठवला होता. नऊशे फोटोंतून परीक्षकांनी चाळीस निवडले, त्यांत तो होता. उद्या प्रदर्शन उघडणार होतं.

"मला विचारायचं तरी," थोरला म्हणाला.

"विचारलं असतं तर नन्नाचा पाढाच वाचला असतास."

फोटो बगळ्याचा होता. तलावावरून नुकताच उडालेला, पायांवरून पाणी निथळतंय, मागे धुकं. थोरल्याने त्याची पोस्टकार्डाएवढी एकच प्रत छापून घेतली होती आणि कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. धाकट्याला ती सापडली तेव्हा त्याने विचारलं होतं, कधीचा रे हा? जुना आहे, असं थोरल्याने सांगितलं होतं.

"ती प्रत स्कॅन करून पाठवली मी," धाकटा म्हणाला. "पण फोटोखाली पट्टी लावतात ना, नाव, तारीख, वेळ. ती ते मूळ फाइलमधूनच घेतात. आपल्या सांगण्यावर नाही."

आई ताटं वाढत होती. उद्या घालायच्या चपला तिने सकाळीच पुसून ठेवल्या होत्या. वर्षभरात पहिल्यांदाच ती हौसेने कुठे निघाली होती. "ह्यांना केवढा आनंद झाला असता," ती म्हणाली.

थोरल्याने ताट पुढे ओढलं.

"कार्ड हरवलं," तो म्हणाला.

"निळ्या डबीत असतं ना तुझं?"

"डबीच हरवली."

वडील गेल्या वर्षी दवाखान्यात होते. रात्री त्यांच्याजवळ धाकटा बसायचा आणि सकाळी सहाला थोरला जाऊन त्याला मोकळं करायचा. त्या दिवशी थोरला सव्वासातला पोचला. स्कूटर पंक्चर झाली, म्हणाला. वडील सातला गेले होते. शेवटचा तासभर ते दाराकडे बघत एकच विचारत होते, थोरला आला का? धाकटा दर वेळी सांगायचा, वाटेत आहे, येतोच आहे. हे त्याने थोरल्याला एकदाच सांगितलं, रडत रडत. वर, तुझा काय दोष दादा, असंही म्हणाला.

स्कूटर पंक्चर झाली नव्हती. तलाव वाटेतच होता. पाच मिनिटं थांबू म्हणून तो थांबला. बगळा उडेना, म्हणून आणखी थांबला. बगळा उडाला तेव्हा सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. फोटोच्या फाइलमध्ये ती वेळ होती, तारखेसकट. फोटो पुसून टाकायला त्याने दहादा कार्ड हातात घेतलं आणि दहादा जागच्या जागी ठेवलं. कॅमेऱ्याला मात्र पुन्हा हात लावला नाही. घरचे म्हणायचे, वडिलांचं जाणं फार लागलं त्याला. ते तर खरंच होतं.

उद्या आई आणि धाकटा त्या पट्टीसमोर उभे राहून ती वाचणार होते. आईला चष्म्याशिवाय दिसत नसे, पण चष्मा थोरल्यानेच चांगला करून दिला होता.

"डबी कुठे जाते घरातून," धाकटा उठत म्हणाला. "मी शोधतो."

"नको शोधू." थोरल्याने मान खाली घातली. "तो फोटो खरा नाही. बगळा दुसऱ्याच फोटोतला आहे. मी चिकटवलाय तो."

आईचा हात वाढता वाढता थांबला. धाकटा पुन्हा खाली बसला.

"म्हणजे लबाडी केलीस."

"हो."

"बस, एवढंच? आणखी काही सांगायचंय?"

"एवढंच."

"नीट आठव, दादा."

"सांगितलं ना."

एक खोटं झाकायला दुसरं आणायचं, यात नवं ते काय. पण थोरल्याने आणलेलं खोटं त्याचंच नाक कापणारं होतं. फसवा म्हणून चारचौघांत नाव झालं असतं, दुकानात गिऱ्हाइकांनी विचारलं असतं. होऊ दे. धाकट्याने तोंड फिरवू नये, एवढंच त्याला हवं होतं. आईवडिलांनंतर जन्माचं म्हणावं असं त्याला तेवढंच माणूस होतं.

धाकट्याने ताट बाजूला सारलं, नंबर लावला आणि फोन त्याच्यापुढे धरला. "मग तूच सांग त्यांना. माझ्याच्याने नाही होणार." तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

फोन प्रदर्शनाच्या व्यवस्थापक बाईंनी उचलला. थोरल्याने आवाज ताब्यात ठेवला. "बगळ्याचा फोटो माझा आहे. तो भिंतीवरून काढा. बगळा चिकटवलेला आहे. तुम्ही मूळ फाइल मागितलीत, ती मी देऊ शकत नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय," बाई म्हणाल्या. "फोटो अस्सल आहे, परीक्षकांनी तपासलाय. आणि आम्ही तर कुणाकडे काहीच मागितलेलं नाही. मूळ फाइल महिन्यापूर्वी अर्जासोबतच आली होती. तुमचे भाऊ स्वतः येऊन देऊन गेले. पट्टीवरची तारीख आणि वेळसुद्धा त्यांनीच आपल्या हाताने लिहून दिली."