आठ खुर्च्यांची जागा

कोरमंगलातल्या तळघरातली अभ्यासिका यशश्रीनं आखली होती. इंटिरियर डिझाइन शिकणाऱ्या पोरीचं पहिलंच काम. नकाशात मागचं दार मोकळं होतं. "दारापायी आठ खुर्च्या जातात, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर," मालक महांतेशअण्णा म्हणाले. तिच्या कोर्सच्या सर्टिफिकेटवर काम केल्याची सही त्यांचीच हवी होती. तिनं पुस्तकांचं कपाट दारापुढे सरकवलं, रिकाम्या जागेत आठ खुर्च्या मांडल्या. पहिल्याच दिवशी मीटरपेटीत ठिणगी उडाली, दिवे गेले. साठ मुलं एकाच जिन्यात घुसली. अंधारात एक मुलगी पडली, दोघे तिला तुडवून गेले. इलेक्ट्रिशियननं दिवे लावले. "बघा, झालं का काही?" अण्णा हसले. मुलंही हसत परत बसली; ती मुलगी कोपर चोळत शेवटच्या रांगेत गेली. यशश्री कपाटापाशी गेली. "कपाटामागे दार आहे, मीच झाकलं. बाहेर पडा," ती ओरडली. एकानं मान वर केली. "हळू बोला, अक्का. परवा परीक्षा आहे."