अप्पांचं कानाचं मशीन

१९९८ सालच्या मे महिन्यात बाळ पलंगावरून पडलं आणि अप्पांचे कान तपासायचं ठरलं.

लेक बाजारातून परत आली तेव्हा बाळ जमिनीवर रडून रडून लाल झालं होतं. आई तीन पावलांवर, ओट्याशी पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. अप्पा ओला टॉवेल हातात घेऊन धापा टाकत गच्चीचा जिना उतरत होते.

"माझं चुकलं," ते लगेच म्हणाले. "लक्ष ठेवा म्हणून मला सांगितलं होतं. रडलेलं ऐकूच आलं नाही."

आई बाळाला उचलून नुसती उभी राहिली.

कपाळावर टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं. पण लेक दोन गल्ल्या सोडून राहायची, जावई बोटीवर, आणि एक जुलैपासून तिला कामावर परत जायचं होतं. बाळ दिवसभर आजी-आजोबांकडे राहणार असं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी तिने पाळणाघराचा अर्ज आणून टेबलावर ठेवला.

"अप्पा, कानाचं मशीन घेतलंत तर बाळ इथं. नाहीतर तिथं."

"काय?" अप्पा म्हणाले.

तिने तेच पुन्हा, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. चार वर्षं या घरात असंच चाललं होतं. अप्पा प्रत्येक गोष्टीला "काय?" करायचे, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जायची. टीव्ही तर शेजारी भिंत ठोकेपर्यंत वाढवलेला असायचा.

"तुझ्या बापाला ढोल वाजवून सांगावं लागतं," आई म्हणाली. पण तिची नजर त्या अर्जावरून हलेना.

दवाखान्यात कान तपासणाऱ्या बाईने अप्पांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. अप्पांच्या टकलावर घाम फुटला. बाहेर आई बाकाच्या कडेवर बसून पिशवीचे बंद पिळत होती. बाईने कागदावरची रेघ पाहिली, भुवया वर केल्या आणि सगळं पुन्हा तपासलं.

"काम काय करत होतात?"

"दोघंही गिरणीत. तीस वर्षं. मी कचेरीत, ही मागावर."

बाईने आईकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाली, "बाळाला जरा मोकळ्या हवेत नेऊन आणा. मला यांच्याशी बोलायचंय."

अर्ध्या तासाने दोघं बाहेर आली. आईचे डोळे लाल होते.

"नवऱ्याचं म्हातारपण एवढं मनाला लावून घेतेस?" लेकीने चेष्टा केली.

"घेईल नाहीतर काय," अप्पा म्हणाले. "आणि ऐक, पुढच्या खेपांना तू येऊ नकोस. कानाचा साचा घ्यायचा, आवाज कमी-जास्त करून बघायचा, तासन् तास जातात. सोबतीला आईला नेतो."

मशीन आलं आणि घराचं स्वास्थ्य गेलं. वाऱ्याने त्यात घुं घुं होतं म्हणून अप्पा भर उकाड्यात कानटोपी घालून बसू लागले. तक्रारींचा पाढा मात्र आईच वाचायची.

"वर्तमानपत्र उलटलं की पत्रा फाटल्यासारखं होतं म्हणे. नळ सोडला की धबधबा. स्वतःचंच चावणं कानात वाजतं, दोन घास धड जात नाहीत."

अप्पा शेजारी बसून मान डोलवायचे. त्यांचं "काय?" बंद झालं, टीव्हीही उतरला. आई मात्र एका जागी ठरेना. खिडकी लाव, पंखा बंद कर, पुन्हा चालू कर. मागात अडकू नयेत म्हणून जन्मभर केस चापून बांधणारी ती बाई आता ते कानांवर सैल सोडू लागली.

"या वयात फॅशन?" लेक म्हणाली.

"नटी झालीय," अप्पा म्हणाले.

तीस जूनला लेकीने परीक्षा घेतली. बाळाला आतल्या खोलीत निजवलं, दार लोटलं. अप्पांना बाहेर खुर्चीत बसवलं. आई ओट्याशी होती.

"आई, तू हलायचं नाहीस. अप्पांना उठू दे."

वीस मिनिटं गेली. लेकीने सहा वेळा घड्याळ पाहिलं. मग आत बाळ जेमतेम कुरकुरलं. अप्पांनी आधी आईकडे पाहिलं. ताट पुसणारा तिचा हात थांबला. तिने हलकेच मान हलवली आणि अप्पा उठले.

लेकीने अर्ज तिथल्या तिथे फाडला. आई ओट्याला टेकून हुंदके देत रडली, आणि लेकीला वाटलं, नातवंडाची माया.

बाळ त्याच घरात वाढलं आणि पुढे पूल बांधणारी इंजिनियर झालं. जावई बोट सोडून कायमचा घरी आला, तो अजून घरातल्या घरात डुलत चालतो. लेक आपल्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसली. कानाच्या बाईने स्वतःचं केंद्र काढलं, ती दर वर्षी आईला फोन करून चौकशी करायची. अप्पा मशीन आल्यावर सहा वर्षांनी झोपेतच गेले.

ते गेल्यावर आठवड्याभराने लेक त्यांचं कपाट आवरत होती. चष्मा सापडला, कानटोपी सापडली, मशीन कुठेच नव्हतं.

"एखाद्या गरजूला देता आलं असतं," ती स्वतःशीच पुटपुटली. आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी पाठमोरी बसली होती.

"देऊन कसं चालेल," ती न वळताच म्हणाली, आणि तिने कानावरचे केस मागे सारून मशीन नीट बसवलं. "त्यांना काय, मांजर चाललेलं ऐकू यायचं."